सायडरमधलं चिकन आंबट-कडू होतं, मलई फाटते: बिघाड कुठे आणि उपाय काय

सायडर (सफरचंदाचा रस आंबवून केलेली सौम्य दारू), सफरचंद आणि मलई घालून केलेलं चिकन बिघडतं ते बहुतेक दोनच ठिकाणी. एक तर रस्सा आटता आटता इतका आंबट होतो की जीभ आखडते आणि मागाहून घशाशी कडवटपणा राहतो. नाही तर सगळं छान जमलेलं असतं, शेवटी मलई घातली जाते आणि दोन मिनिटांत पातेल्यात पांढरे कण एकीकडे, पिवळट पाणी दुसरीकडे. चिकन ताजं, सफरचंदं निवडून आणलेली, कृती ओळीने पाळलेली, तरी पुन्हा पुन्हा हेच होतं. इंदूरमध्ये आमच्या नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच घरांत थंडी पडली की हा पदार्थ होतो, आणि ही तक्रार दर हिवाळ्यात माझ्याकडे येते. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

आधी उपाय सांगते, कारणं मागाहून. सायडर कधीही थेट चिकनवर ओतू नका. ते वेगळ्या स्टीलच्या भांड्यात एकटंच आटवा, चाखा, आणि चव पटली तरच चिकनमध्ये घाला. एवढा एक बदल केला तरी निम्म्याहून जास्त तक्रारी मिटतात. उरलेल्या तक्रारी मलईच्या, भांड्याच्या आणि फळांच्या, त्यांच्याकडे पुढे येते.

मी धरते ते प्रमाण असं: हाडासकट एक किलो चिकन, ३३० मिलीची एक बाटली सायडर, दोन मोठे कांदे, दोन सफरचंदं, अर्धी वाटी मलई (घरची साय नव्हे, पाकिटातली क्रीम), दोन चमचे लोणी, मीठ, मिरपूड आणि असेल तर थोडी थाईम किंवा एक तमालपत्र. याहून जास्त काही लागत नाही.

हा पदार्थ मूळचा फ्रान्सच्या उत्तरेकडच्या नॉर्मंडी प्रांतातला. तिथे थंड, ओलसर हवेत द्राक्षांपेक्षा सफरचंद चांगलं येतं, कुरणांवर गाई आहेत, त्यामुळे स्वयंपाकात वाइनऐवजी सायडर आणि वर भरपूर क्रीम. सायडरचीच ब्रँडी काढतात, तिला कॅल्व्हाडोस म्हणतात. तिथल्या एका खोऱ्याच्या नावाने हे चिकन ओळखलं जातं, व्हाले दोज. तिथली कृती लिहिणाऱ्याने काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: सायडर कोरडं म्हणजे फारशी साखर न उरलेलं, कोंबडी कातडीसकट, क्रीम तीस टक्क्यांच्या वर स्निग्धांशाचं, आणि सफरचंद शिजूनही फोड टिकवणारं. इंदूरच्या बाजारातून पिशवी भरून आणली की या चारही गोष्टी वेगळ्या निघतात. कृतीत चूक नसते, पण ती आपल्या पिशवीसाठी लिहिलेली नसते.

आंबटपणा कुठून येतो

सफरचंदातलं मुख्य आम्ल म्हणजे मॅलिक आम्ल. सायडर उकळलं की वाफेबरोबर पाणी जातं, अल्कोहोल जातं, बराचसा सुगंधही जातो. मॅलिक आम्ल मात्र भांड्यातच राहतं. ३३० मिली सायडर आटून ८० मिली झालं तर आंबटपणा चौपट दाट झालेला असतो. ताज्या रसात याच आम्लाला तोलून धरायला साखर असते. सायडर तयार होताना यीस्ट ती साखर खाऊन टाकतं, म्हणून कोरडं सायडर आटलं की नुसता आंबट अर्क उरतो. प्यायला सुरेख लागणारं सायडर रस्सा म्हणून का बोचतं, ते यात आहे.

त्यावर आपण आपल्या सवयीने आणखी आंबट घालतो, आणि इंदूरच्या स्वयंपाकघरात हेच सगळ्यात जास्त होताना बघते. चिकन म्हटलं की हात आपसूक दह्याकडे जातो. दही आणि लिंबू लावून तासभर मुरवायचं, कांद्यात टोमॅटो परतायचा, मग त्यावर सायडर. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी बरोबर आहे, पण इथे एकावर एक आंबट चढत जातं आणि शेवटी मलई घातल्यावर ती फाटणारच. या पदार्थात दही नाही, लिंबू नाही, टोमॅटो नाही. चिकनला आदल्या रात्री नुसतं मीठ चोळून फ्रीजमध्ये ठेवा. एक किलोला दोन सपाट छोटे चमचे मीठ पुरतं. त्याने तुकडे रसाळ राहतात.

सायडर वेगळं आटवताना मी निम्म्यावर आलं की एकदा चाखते आणि एक तृतीयांशावर आलं की परत. आंबट पण गोडसर, सफरचंदाची ओळख पटणारी चव हवी. नुसतं बोचत असेल तर तिथेच थांबवा. चिकनच्या हाडांचा साधा स्टॉक वाटीभर घालून ते सैल करा, चिमूटभर गूळ किंवा साखर घाला. आंबट फारच चढलं असेल तर खाण्याच्या सोड्याची अगदी चिमूट टाका. फसफसून शांत होईल, थोडं आम्ल मारलं जाईल. सोडा दुसऱ्यांदा मात्र टाकू नका, साबणासारखी चव येते आणि ती काढता येत नाही.

बाटली कोणती

परदेशी कृती वाचताना एक गोष्ट तपासावीच लागते. अमेरिकेतल्या कृतीत ‘ॲपल सायडर’ लिहिलेलं असेल तर तो बिनदारूचा, न गाळलेला सफरचंदाचा रस असतो. दारूच्या सायडरला ते लोक ‘हार्ड सायडर’ म्हणतात. इंग्लंडच्या कृतीत नुसतं ‘सायडर’ म्हटलं की ते दारूचंच, साधारण चार ते आठ टक्क्यांचं. आणि आपल्याकडे किराणा दुकानात ‘ॲपल सायडर’ मागितलं की हमखास पुढे येतो तो व्हिनेगर. त्यात चार-पाच टक्के ॲसिटिक आम्ल असतं, म्हणजे सायडरच्या आंबटपणाच्या कितीतरी पट. कृतीतल्या वाटीच्या जागी वाटीभर व्हिनेगर गेला तर पुढे काहीही करून ते चिकन वाचत नाही. घरात ‘सायडर चिकन’ भयंकर आंबट झालं असेल तर सगळ्यात आधी बाटलीचं लेबल परत वाचा.

दारूच्या दुकानातलं सायडर घेतलं तरी दोन प्रकार निघतात. बाजारात सहज मिळणारी बरीच सायडरं गोड असतात, वरून साखर घातलेली. ती आटली की रस्सा काकवीसारखा चिकट होतो. लेबलवर ‘ड्राय’ किंवा ‘ब्रूट’ असेल ते घ्या, आणि बेरी, आलं, दालचिनी अशा स्वादाचं घेऊ नका. हॉप्स घातलेलं सायडर तर मुळीच नको. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, आणि आटल्यावर तो कडवटपणा पुढे येतो.

उघडून ठेवलेली बाटलीही दगा देते. सायडरला हवा लागली की ॲसिटिक जिवाणू अल्कोहोलचा व्हिनेगर करायला लागतात. मागच्या आठवड्यात अर्धी उरलेली बाटली फ्रीजच्या दारात होती, ती संपवू म्हणून स्वयंपाकात वापरली, असं फार घरांत होतं. झाकण उघडून वास घ्या. नाकाला झोंबलं तर चिकनमध्ये घालू नका.

मलई का फाटते

दुधातलं केसिन हे प्रथिन साधारण ४.६ पीएचच्या आसपास आलं की गोळा होतं (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट). पनीर करताना आपण लिंबू पिळून हेच मुद्दाम करतो. सायडर त्याहून आंबट असतं, म्हणजे फाटण्याची सगळी तयारी आधीच झालेली असते, आणि उकळी त्याला वेग देते. मग नॉर्मंडीत का फाटत नाही? तिथलं क्रेम फ्रेश, म्हणजे आंबवलेली दाट क्रीम, स्वतः आंबट असूनही टिकतं, कारण त्यात स्निग्धांश तीस टक्क्यांच्या आसपास असतो आणि प्रथिन कमी. आपल्याकडची पाकिटातली फ्रेश क्रीम साधारण पंचवीस टक्क्यांची, कधी त्याहून कमी. स्निग्धांश जितका कमी तितकी ती उकळत्या आंबट रश्शात लवकर हार मानते.

घरची साय घातली तर चांगलं होईल असं बहुतेकांना वाटतं, कारण ती दाट दिसते. ती दाट असते, पण तापवलेल्या दुधाच्या सायीत प्रथिनाचा पापुद्रा बराच असतो, आणि आंबट रश्शात त्याचे कण कण होतात. साय पराठ्याबरोबर खा, इथे नको. केकवाल्यांकडे मिळणारी व्हिपिंग क्रीम हा तिसरा खड्डा. त्यातली बरीच दुधाची नसतेच, वनस्पती तेलाची आणि साखर घातलेली असते. लेबलवर दुधाची, बिनसाखरेची आणि तीस-पस्तीस टक्के स्निग्धांशाची कुकिंग क्रीम दिसली तर ती घ्या, ती सहसा फाटत नाही.

पंचवीस टक्क्यांचीच मिळत असेल तरी काम होतं, फक्त क्रम सांभाळावा लागतो. कांदा लोण्यात मऊ झाला की त्यातच एक लहान चमचा मैदा परतून घ्या. मैद्यातलं पिष्ट प्रथिनाला एकमेकांना चिकटू देत नाही. मलई फ्रीजमधून अर्धा तास आधी बाहेर काढा. गॅस बंद करा, रस्सा दोन-तीन मिनिटं निवू द्या, मग एका वाटीत मलईत रश्शाचे दोन-तीन चमचे मिसळून ती कोमट करा आणि पातेल्यात घाला. त्यानंतर उकळी आणायची नाही, अगदी पाहुण्यांचं ताट वाढायच्या क्षणीसुद्धा नाही.

पातेल्यात सगळी मलई ओतण्याआधी एक परीक्षा घ्या, ती मला फार मोलाची वाटते. एक चमचा गरम रस्सा आणि एक चमचा मलई वाटीत ढवळा आणि मिनिटभर थांबा. वाटीत फाटलं तर पातेल्यातही फाटणार. अशा वेळी रस्सा स्टॉकने सैल करा, चिमूट साखर घाला आणि परत वाटीत बघा. वाटी वाया गेली तर एक चमचा जातो, पातेलं बिघडलं तर सगळं जेवण जातं.

फाटलंच तर चिकनचे तुकडे बाहेर काढा. रस्सा पूर्ण कोमट होऊ द्या, कारण गरम पातळ पदार्थ मिक्सरच्या बंद भांड्यात फिरवला की वाफेने झाकण उडतं आणि हात-तोंड भाजतं. कोमट झाला की भिजवलेल्या सात-आठ काजूंबरोबर वाटा, गाळा आणि मंद आचेवर परत तापवा. पूर्वीसारखा रेशमी होत नाही, पण खाताना कुणाच्या लक्षात येत नाही. मलई नकोच असेल तर सुरुवातीपासूनच काजू-मगजाची पेस्ट घालणं हा सरळ रस्ता आहे, तिच्यात केसिन नाही. रंग जरा मळकट येतो, चव छान येते.

कुकरचा प्रश्न

पलासियाला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा दर वेळचा प्रश्न हाच होता.

“मावशी, परत फाटलं. मी आच मंदच ठेवली होती गं.”

“कुकरमध्ये केलंस का?”

“हो, दोन शिट्ट्या फक्त.”

“उघडल्यावर रस्सा पाण्यासारखा असेल. मग तो आटवायला गॅस मोठा केलास, आणि तशाच उकळत्यात मलई घातलीस.”

“अगदी तसंच. आणि वासही जरा कच्च्या दारूचाच येत होता.”

सगळं निदान या चार वाक्यांत आहे. कुकरचं झाकण बंद असलं की अल्कोहोलला बाहेर जायला वाट जवळजवळ नसते, म्हणून उग्र वास आतच कोंडतो. पाणी आटत नाही. मग झाकण उघडून आटवताना चिकन आत खदखदत राहतं, छातीचे तुकडे चिंध्या होतात, आणि घाईत मलई फाटते. ब्रॉयलरला कुकर लागतच नाही. जाड बुडाच्या भांड्यात झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर मांडीचे तुकडे पंचवीस-तीस मिनिटांत होतात. छातीचे तुकडे शेवटच्या दहा-बारा मिनिटांत घाला. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड जागी ७४ अंश सेल्सियस दिसायला हवं. मांडीला त्याहून पुढे, ऐंशीच्या वर गेलं तरी चालतं, उलट तिथे तंतू सुटून मांस मऊ होतं. छातीला ते चालत नाही.

झाबुआचा कडकनाथ आणून हा पदार्थ करायची हौस आपल्याकडे अनेकांना असते, आणि झाबुआ जवळच आहे. २०१८ मध्ये त्याला जीआय टॅगही मिळाला. पण काळ्या मांसामुळे पांढरा रस्सा राखाडी दिसतो, चरबी कमी आणि तंतू चिवट, त्यामुळे वेळ दुप्पट-तिप्पट लागतो. करायचाच तर आधी नुसत्या स्टॉकमध्ये मऊ शिजवा, आटवलेलं सायडर शेवटी घाला, आणि मलई घालूच नका. माझं मत विचाराल तर कडकनाथ त्याच्या नेहमीच्या मसाल्यातच शोभतो.

कडवटपणा

कडू चव आली तर ती कुठून आली हे शोधणं जास्त महत्त्वाचं, कारण आंबटासारखी ती दुरुस्त होत नाही. मिठाची एक चिमूट आणि थोडं लोणी तिला जरा दाबतं, बस. म्हणून पुढच्या वेळेसाठी कारण पकडा.

करपलेला तळ हे पहिलं कारण. दुकानात चिकन सहसा सोलूनच मिळतं. बिनकातडीचा तुकडा लोण्यात टाकला की त्याच्याकडे स्वतःची चरबी नसते, तो चिकटतो, तळाशी काळा थर बसतो, आणि पुढे पातळ पदार्थ ओतला की तो थर सुटून सगळ्या रश्शात जातो. आदल्या दिवशी दुकानदाराला सांगून ठेवलं तर कातडीसकट मिळू शकतं, विचारून बघा. नाही मिळालं तर चिकन पुसून कोरडं करा, लोण्याबरोबर चमचाभर तेल घाला आणि तुकडे सोनेरी झाले की थांबा. तळ काळा झालेला दिसला तर भांडं बदला. लसूण तर शेवटीच, तो करपायला काही क्षण पुरतात.

दुसरं कारण भांड्याचंच. लोखंडी कढई भाजीला अमृत, पण सायडरमधलं आम्ल आणि सफरचंदातलं टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) लोखंडाशी मिळालं की रस्सा काळपट पडतो आणि तोंडात खिळा चघळल्यासारखी चव येते. कल्हई उडालेलं पितळी पातेलं तर धोक्याचंच, आंबट पदार्थात तांबं उतरतं. ॲल्युमिनियमही नको. जाड बुडाचं स्टील किंवा एनॅमलचं भांडं घ्या.

तिसरं, सफरचंदाची साल आणि बिया रश्शात उकळणं. साल तुरट करते. साल काढा, गाभा काढा, मग फोडी करा.

कांदा कचकचीत राहतो अशीही तक्रार येते. आम्ल भाज्यांच्या पेशी घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे कच्चट कांद्यावर सायडर पडलं की तो कितीही शिजवला तरी मऊ होत नाही. आधी लोण्यात झाकण ठेवून पूर्ण मऊ करा, मगच पुढे जा.

फळं

काश्मीर-हिमाचलचं नवं सफरचंद चोइथराम मंडीत ऑगस्टपासून दिसायला लागतं, पण श्रावण, पितृपक्ष, नवरात्र यांत आपल्या बऱ्याच घरांत सामिष होत नाही. हा पदार्थ मग दिवाळीनंतर निघतो. तोवर साठवलेल्या सफरचंदातलं आम्ल उतरत जातं आणि रॉयल डिलिशियस पिठूळ पडतं. रश्शात टाकलं की त्याची लापशी होते आणि रस्सा गढूळ दिसतो. पिवळं गोल्डन मिळालं तर तेच घ्या, त्याची फोड टिकते. हिरवं ग्रॅनी स्मिथही टिकतं, पण ते मुळात आंबट, म्हणून ते वापरताना सायडर थोडं कमी आटवा.

फळ कोणतंही असो, ते चिकनबरोबर शिजवू नका. अर्ध्या इंचाच्या फोडी लोण्यात वेगळ्या परता, एका बाजूला सोनेरी झाल्या की काढून ठेवा आणि वाढायच्या पाच मिनिटं आधी रश्शात सोडा. नाशपाती, बब्बूगोशा यांनाही हाच नियम.

माझं आवडतं फळ मात्र सफरचंद नाही, आपल्या माळव्यातला जाम. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी, पेरू. जामाची भाजी इथे घरोघरी होतेच, त्यामुळे शिजल्यावर तो कसा वागतो हे हाताला माहीत असतं. अर्धवट पिकलेला, दाबल्यावर किंचित दबणारा घ्या, बियांचा गाभा चमच्याने काढून टाका, लांब फोडी लोण्यात परता. सायडरच्या आंबटाला त्याचा वास जो उचलून धरतो, तो मला सफरचंदात मिळत नाही. हिवाळ्यात जाम स्वस्त असतो आणि ताजाही. सुका जर्दाळू आणि आलूबुखारा हेही चांगले, ते थोड्या कोमट सायडरमध्ये तासभर भिजवून घाला. संत्र्याच्या फोडी घालायच्या तर पांढरी साल पूर्ण काढा, नाही तर परत कडू.

अननस, पपई आणि किवी ही फळं कच्ची वापरू नका. त्यांच्यातली एन्झाइमं प्रथिनं तोडतात. चिकनला लावून ठेवलं तर वरचा थर पिठासारखा होतो, आणि मलईत मिसळलं तर ती कडू होते. उकळून घेतलेला अननस चालतो, उष्णतेने एन्झाइम मरतं.

चिकन चिवट होणं

आच आणि वेळ बरोबर असूनही तुकडे रबरासारखे लागले, तर दुकानातून आल्या आल्या पातेल्यात गेलं होतं का, ते आठवा. कापल्यावर काही तास स्नायू ताठ असतात, तेव्हाच शिजवलं तर ते तसेच चिवट राहतात. मीठ लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं दुसरं कारण हे. सकाळी कापलेलं चिकन रात्री करायचं असेल तरी चालेल, पाच-सहा तास मिळायला हवेत.

दारू न चालणाऱ्या घरांत

शिजवल्यावर अल्कोहोल सगळं उडून जातं, हा समज खरा नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार पंधरा मिनिटं मंद शिजल्यावर सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरतं, अर्ध्या तासानंतर ३५ टक्के, तासाभराने २५ टक्के. पाच टक्क्यांच्या ३३० मिली बाटलीत १६ मिलीच्या आसपास अल्कोहोल असतं, म्हणजे अर्ध्या तासाने सबंध पातेल्यात पाच-सहा मिली. वेगळं आटवलं तर आणखी कमी. मोठ्यांना याने काही होत नाही, पण लहान मुलं, गरोदर बायका, औषधं चालू असलेली माणसं आणि श्रद्धेने न घेणारे पाहुणे यांना आधी सांगायला हवं. विचारल्याशिवाय वाढणं मला पटत नाही.

त्यांच्यासाठी रसाचं चिकन करा. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वरला तर १ एप्रिल २०२५ पासून दारूची दुकानंच बंद आहेत, आणि बडोद्याकडच्या आपल्या माणसांचा प्रश्न गुजरातच्या दारूबंदीमुळे कधीचाच सुटलेला आहे. बिनसाखरेचा सफरचंदाचा रस ३०० मिली घ्या. त्यात स्वतःची साखरच तीसेक ग्रॅम असते, म्हणून तो निम्म्यापेक्षा जास्त आटवू नका, पाक होतो. गॅस बंद केल्यावर, मलईच्या आधी, दीड छोटा चमचा सायडर व्हिनेगर आणि पाव चमचा मोहरीची पूड घाला. व्हिनेगर आधी घातला तर उकळताना त्याचा वास उडून जातो. फसफसणारी गोड सफरचंदाची पेयं मात्र वापरू नका, त्यांत साखर आणि वरून घातलेलं आम्ल दोन्ही असतं आणि आटवल्यावर दोन्ही वाढतं.

उरलेलं चिकन दुसऱ्या दिवशी तापवताना परत फाटतं, हीही नेहमीची गोष्ट. त्यासाठी पाहुणे किती येतील याचा अंदाज नसेल तर मलई घालण्याआधीच अर्धा रस्सा आणि थोडे तुकडे वेगळ्या डब्यात काढून निवले की फ्रीजमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी ते उकळी येईपर्यंत तापवायचं, गॅस बंद करायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि ताजी मलई तेव्हा घालायची. मलई घातलेलं उरलंच असेल तर मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, कडा उकळतात आणि मध्य गार राहतो. पसरट भांड्यात चमचाभर दूध घालून, अगदी मंद आचेवर, हलवत हलवत चांगली वाफ येईपर्यंत तापवा, आणि कडेला पहिला बुडबुडा दिसला की उतरवा.